बंदीचा फलक आणि शिळांची राखण

जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोन जण बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. त्यानंतरच्या रविवारी दूधसागरकडे निघालेल्या शेकडो पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी अडवले. काहींना रुळांलगत उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत देशभर फिरली. पुढे काही धबधबे अटींसह खुले करण्यात आले. मात्र त्या आठवड्याने उभा केलेला प्रश्न तसाच राहिला आहे. डोंगर, धबधबे, कडे यांच्यावर जाण्याचा हक्क कोणाचा आणि तेथे काही बरेवाईट घडले तर जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाशी जगभर सर्वाधिक झुंजलेला वर्ग म्हणजे प्रस्तरारोहक, आणि त्यांच्यातही बोल्डरिंग करणारे. बोल्डरिंग म्हणजे दोराविना, चार-पाच मीटर उंचीच्या शिळांवर केलेली चढाई. पायांत घट्ट बूट, हातांना घाम शोषणारी पांढरी पूड आणि पडल्यास झेलायला खाली जाड गादी, एवढीच सामग्री. टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा समावेश संयुक्त स्पर्धेत होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याला स्वतंत्र पदक मिळणार आहे. साहजिकच शिळांकडे वळणाऱ्या तरुणांची संख्या वाढेल. त्या शिळा मात्र क्रीडासंकुलात नसतात. त्या कोणाच्या तरी शेतात, जंगलात किंवा देवस्थानाजवळ असतात.

हंपीचा धडा

भारतातील बोल्डरिंगची पंढरी आपल्या शेजारीच आहे. वास्कोहून निघणारी अमरावती एक्सप्रेस दूधसागर, कॅसलरॉकमार्गे होसपेटला पोहोचते. तेथून हंपी हाकेच्या अंतरावर. तुंगभद्रेच्या उत्तर तीरावर आनेगुंदी, सणापूर परिसरात पसरलेल्या ग्रॅनाइटच्या शिळांसाठी दर हिवाळ्यात देशोदेशीचे आरोहक येतात. नदीतील विरुपापूर गड्डीवरील अतिथिगृहे हा वर्षानुवर्षे त्यांचा मुख्य मुक्काम होता.

तो मुक्काम २०२० मध्ये संपला. जागतिक वारसा क्षेत्रातील ही बांधकामे बेकायदा असल्याचा कर्नाटक उच्च न्यायालयाचा २०१५ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये कायम केला आणि मार्चमध्ये ती पाडण्यात आली. खटला बांधकामांचा होता. चढाईचा त्यात प्रश्नच नव्हता. तरीही आरोहकांचे राहणे, गाद्या भाड्याने मिळण्याची सोय आणि त्यावर पोट भरणाऱ्या स्थानिकांचा रोजगार एका फटक्यात विस्कटला. पुढे पर्यटनाचा भार सणापूरकडे सरकला. तेथील तलावाजवळ मार्च २०२५ मध्ये पर्यटकांवर भीषण हल्ला झाला. दोन महिलांवर अत्याचार झाले आणि ओडिशातील एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर परवान्याविना चालणाऱ्या मुक्कामांवर पुन्हा प्रशासनाची नजर वळली.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. केवळ वहिवाटीवर उभा असलेला प्रवेश दुसऱ्याच एखाद्या कारणाने कधीही हिरावला जाऊ शकतो. ज्या उपक्रमाची सरकारदरबारी नोंद नाही, त्याच्या नुकसानीचीही नोंद होत नाही.

शिवाय त्या शिळा रिकाम्या नाहीत. आनेगुंदीजवळ ओणके किंडी येथे प्रागैतिहासिक शैलचित्रे आहेत. अंजनाद्रीला हनुमानाचे जन्मस्थान मानणाऱ्या भाविकांची तेथे रीघ असते. शिळांच्या मधल्या जमिनीत भाताची खाचरे आहेत. म्हणूनच जाणते आरोहक काही पथ्ये पाळतात. चढून झाल्यावर पांढरी पूड घासून काढायची, पकड मिळावी म्हणून खडक फोडायचा नाही, चित्रे व मंदिरांजवळच्या शिळांना हात लावायचा नाही, उभ्या पिकातून वाट काढायची नाही. ही पथ्ये पाळणारा गट त्या जागेचा राखणदार ठरतो. न पाळणारा गट बंदीचे निमित्त ठरतो.

जगाने काढलेले मार्ग

टेक्सासमधील ह्युको टँक्स या उद्यानापुढे हाच पेच होता. बोल्डरिंगसाठी विख्यात असलेल्या या खडकांवर प्राचीन चित्रेही आहेत. गर्दीमुळे त्यांची हानी होऊ लागली, तेव्हा १९९८ मध्ये तेथे नवे नियम आले. उद्यानाच्या एका भागात एका वेळी सत्तरच माणसांना स्वतंत्रपणे सोडायचे, उरलेल्या भागात वाटाड्याशिवाय जायचे नाही आणि येणाऱ्याने आधी माहितीपट पाहायचा. आरोहकांना हे नियम जाचक वाटले, पण खडक आणि चढाई दोन्ही टिकले. अमेरिकेत १९९१ मध्ये स्थापन झालेली ‘ॲक्सेस फंड’ ही संस्था जमीनमालकांशी करार करणे, प्रसंगी जमीन विकत घेणे आणि वाटांची डागडुजी करणे ही कामे करते.

फ्रान्सचा अनुभव अधिक बोलका आहे. २०१० मध्ये व्हँग्रो येथे कड्याचा भाग कोसळून आरोहक गंभीर जखमी झाले. तेथील गिर्यारोहण महासंघाने जमीनमालकांशी करार करून शेकडो कडे सांभाळायला घेतले होते. न्यायालयाने त्याला जबाबदार धरून सुमारे १२ लाख युरोंची भरपाई द्यायला लावली. परिणामी महासंघाने ते करार सोडायला सुरुवात केली आणि मालकांनी हात आखडता घेतला. अखेर २०२२ मध्ये कायदा बदलावा लागला. खेळात अंगभूत असलेल्या, सहज कल्पना करता येण्याजोग्या धोक्यातून इजा झाल्यास जागेच्या मालकाला दोषी धरू नये, अशी तरतूद आली.

गोव्यातील बंदीचे मूळही याच भीतीत आहे. जागा खुली ठेवली आणि अपघात झाला तर अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. बंद ठेवली तर कोणी विचारत नाही. फलक लावणे हा त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित निर्णय ठरतो. लोकांसाठी मात्र तो सुरक्षित असतोच असे नाही. बंदी मोडून आडवाटेने जाणाऱ्याची कोठेही नोंद नसते. तो अडकला तर शोध कोठून सुरू करायचा, हेही कळत नाही.

गोव्याने काय करावे

काणकोणच्या किनाऱ्यावर ग्रॅनाइटच्या शिळा आहेत, सत्तरी-सांग्यात कडे आहेत. या जागांची मालकी एकाची नाही. कोठे वनखाते, कोठे कोमुनिदाद, कोठे खासगी मालक, तर समुद्रालगत सीआरझेडचे निर्बंध. त्यामुळे पहिले काम जागांच्या यादीचे आहे. कोणती जागा कोणाची, तेथे कोणते देवस्थान वा पवित्र राई आहे, कोणत्या महिन्यांत जाऊ नये, याची पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांच्या मदतीने नोंद व्हावी.

दुसरे काम संघटनेचे. शेजारच्या महाराष्ट्रात १९५४ पासून काम करणाऱ्या गिरिविहारसारख्या संस्थेने २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा भरवून दाखवली. प्रशासनाशी बोलायला ओळख असलेली संस्था लागते. समाजमाध्यमांवरचा रोष पुरत नाही. गोव्यातील पदभ्रमण करणारे आणि आरोहक यांनी एकत्र येऊन स्वतःची आचारसंहिता लिहावी आणि ती मोडणाऱ्या आपल्याच माणसाला रोखण्याची तयारी ठेवावी.

तिसरे काम सरकारचे. जबाबदारीची विभागणी लेखी स्वरूपात व्हावी. धोक्याची सूचना, प्रवेशाची नोंद आणि बचावाची सोय खात्याने करावी. स्वेच्छेने पत्करलेल्या जोखमीचा भार जाणाऱ्याने उचलावा. गावातील तरुणांना प्रशिक्षण देऊन वाटाडे नेमले तर जागेवर नजरही राहील आणि चार घरांना उत्पन्नही मिळेल.

यंदाच्या पावसाळ्यात कदाचित पुन्हा एखादी दुर्घटना घडेल आणि पुन्हा आदेश निघेल. तो काढण्यापूर्वी खात्याच्या हाती निदान अशी यादी आणि चर्चेला बोलावण्याजोगी एक संस्था असावी. ती तयारी करण्याची वेळ पाऊस पडण्याआधीची आहे.