‘बरा झाला’ म्हणजे काय?

क्षयरोगाच्या नोंदवहीत उपचाराअंती ठरावीक शेरे लिहितात : बरा झाला, उपचार पूर्ण, पाठपुरावा तुटला, मृत्यू इत्यादी. ‘जंतू गेले, पण चालता येत नाही’ असा शेरा त्यांत नाही. माझा आक्षेप नेमका या रिकाम्या जागेवर आहे.

क्षयाचे जंतू मेंदूत शिरून मेंदूज्वर होतो, हे सर्वश्रुत आहे. क्वचित मात्र निराळेच घडते. जंतूंशी झुंजणारी प्रतिकारशक्तीच बहकते आणि मज्जातंतूंभोवतीच्या मायलिन या आवरणावर तुटून पडते. काही दिवसांतच रुग्ण बरळू लागतो, दृष्टी मंदावते, पाय लुळे पडतात. वैद्यकात या विकाराला ‘एडीईएम’ म्हणतात. निदानाला एमआरआय लागतो. क्षयाच्या औषधांबरोबर स्टेरॉइडची मोठी मात्रा द्यावी लागते. वेळीच ओळखले तर पुष्कळ रुग्ण सावरतात. उशीर झाला तर काहींना अपंगत्व येते. थुंकी तपासणारी यंत्रे तालुक्यापर्यंत गेली. एमआरआयसाठी मात्र अजूनही अनेकांना मोठ्या शहराची वाट धरावी लागते.

‘इतक्या दुर्मिळ विकारासाठी रकाना कशाला?’ असे सहकारी विचारतात. रकाना एका विकारासाठी नकोच आहे. मेंदूज्वर, मणक्याचा क्षय, निकामी झालेली फुफ्फुसे, इंजेक्शनांनी गेलेली श्रवणशक्ती या साऱ्यांची बेरीज दुर्मिळ नाही. ती दुर्मिळ भासते, कारण आपण ती मोजत नाही.

२०२५ पर्यंत क्षयाच्या उच्चाटनाची घोषणा २०१८ साली झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये लाखामागे २३७ असलेले नवे रुग्ण २०२४ मध्ये १८७ झाले. घट खरी आहे, उच्चाटन नव्हे. आकड्यांच्या या शर्यतीत जिवंत राहिलेल्या माणसाची अवस्था कोणाच्याच उद्दिष्टात बसत नाही.

वाचकहो, सुरतेत उपचार सुरू झालेला खानदेशी मजूर गावी परतला, तर ‘निक्षय’ पोर्टलवरील त्याची नोंद त्याच्यामागे जाऊ शकते. त्याच्या पायांतली गेलेली शक्ती मात्र तिथे दिसत नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा चेतासंस्थेच्या दीर्घकालीन विकारांना मान्यता देतो. पण क्षयाची फाइल बंद करणारा कर्मचारी रुग्णाला त्या प्रमाणपत्राकडे पाठवण्यास बांधलेला नाही.

मागणी छोटी आहे : फाइल बंद करताना उरलेल्या अपंगत्वाची नोंद आणि प्रमाणपत्रासाठी सक्तीची शिफारस. यासाठी नवा कायदा नको, एक परिपत्रक पुरे. ते निघेपर्यंत ‘बरा झाला’ हा शेरा जंतूंविषयी खरा आणि माणसाविषयी अर्धवट राहील.