नवी बॅटरी, जुनी चूक

एखादे वाहन काही केल्या सुरू होत नाही, असा प्रसंग तुम्ही आपल्या दारात किंवा शाळेच्या फाटकापाशी पाहिला असेलच. अशा वेळी भोवती चार माणसे जमतात आणि चार निदाने होतात. "पेट्रोल संपलं असेल." "प्लग काढून पुसा." "बॅटरी गेली, दुसरं काय!" बोलतात सगळे ठामपणे, तपासून मात्र कोणीच पाहत नाही. अशा चौघांपैकीच एकाची हकीकत मी येथे सांगणार आहे. तो एक म्हणजे मी. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे चूक किती लाजिरवाणी होती ते तुमच्या ध्यानात येईल.

२०१८ च्या फेब्रुवारीत बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा बहिःस्थ परीक्षक म्हणून मी साताऱ्याहून कराडकडे निघालो होतो. वाटेत उंब्रजला चहासाठी थांबलो. परत येऊन मोटारीची किल्ली फिरवली, तर 'टक्' असा एकच आवाज आणि मग शांतता. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. पुढचे दिवे लावून पाहिले. ते झकास लागले, पण किल्ली फिरवताच एकदम मंदावले. मी मनाशी म्हटले, बॅटरी उतरली! चहावाल्याने आणि आणखी दोघांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच एंजिन सुरू झाले आणि मी थोडा उशिरा का होईना, पोचलो. संध्याकाळी परत धक्का मारून निघालो, आणि घरी येण्यापूर्वी साडेचार हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसवून घेतली. मोटार पहिल्याच झटक्याला सुरू झाली. निदान अचूक ठरले, असे मी घरी सांगितलेही.

तीन आठवड्यांनी, माझ्याच दारात, पुन्हा तोच 'टक्'!

आता जरा थांबून विचार करू या. पेट्रोलच्या एंजिनाला काय काय लागते? वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा, असे मिश्रण. ते दाबून मूळ घनफळाच्या सुमारे एक-दशांश करणारा दट्ट्या. आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. एंजिन एकदा चालू लागले की हे सारे ते आपल्याच बळावर करते. पण पहिले काही फेरे दुसऱ्या कोणीतरी द्यावे लागतात. ते काम सेल्फची मोटर करते. म्हणून सुरू न होणाऱ्या गाडीला विचारायचा पहिला प्रश्न असा, की एंजिन फिरतच नाही, की फिरते पण पेटत नाही? या एका प्रश्नाने निम्मा शोध संपतो. एंजिन फिरत असेल, तर बॅटरी आणि सेल्फ यांना बहुधा निर्दोष सोडून पेट्रोल व ठिणगीकडे वळावे. फिरतच नसेल, तर प्लग पुसत बसण्यात अर्थ नाही. दरेक प्रश्नाने उरलेल्या शक्यता निम्म्या करता आल्या, तर सोळा संशयितांतून एक गुन्हेगार शोधायला चार प्रश्न पुरतात.

माझ्या गाडीने तर न विचारताच उत्तर दिले होते. धक्का मारून एंजिन सुरू झाले, याचा अर्थ पेट्रोल, हवा, दाब आणि ठिणगी हे सारे जागेवर होते. दोष होता तो फक्त बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या मंडलात. इथपर्यंत मी बरोबर होतो. पण त्या मंडलात बॅटरी ही एकच वस्तू असते काय?

दुसऱ्या वेळी मी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावले. शाळा त्यांनी आठवीत सोडली होती. त्यांनी मल्टिमीटर काढला. मला वाटले, आता हे बॅटरीचा दाब मोजणार. मोजला, तो साडेबारा व्होल्ट भरला. मग त्यांनी एक गमतीची गोष्ट केली. मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर ठेवले आणि दुसरे टोक त्याच खुंटावर आवळलेल्या पट्टीवर. म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन धातूंवर! "सर, मारा सेल्फ," ते म्हणाले. मी किल्ली फिरवली. जिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे, तिथे पाच व्होल्टांच्या आसपास आकडा दिसला. "बॅटरी चांगली आहे, पण ती गाडीपर्यंत पोचतच नाही," असे म्हणून त्यांनी पट्टी सोडवली. आत निळसर पांढरी भुकटी साचली होती. ती खरवडून, पट्टी घट्ट आवळून झाली आणि गाडी सुरू!

यातले गणित तुम्हांला येते. सेल्फची मोटर सुरुवातीला शंभर अँपिअरच्या घरात प्रवाह ओढते. त्या भुकटीचा रोध फक्त पाच-शतांश ओहम धरा. ओहमच्या नियमाने १०० × ०.०५ = ५ व्होल्ट तिथेच खर्ची पडले. उरलेल्या सहा-सात व्होल्टांत मोटर एंजिन कसे फिरवणार? याउलट, गाडीच्या आतल्या पाच वॉटच्या दिव्याला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो. त्याच भुकटीत त्याचा ऱ्हास होतो व्होल्टाच्या दोन-तीन शतांशांइतका. म्हणून दिवा ठणठणीत आणि सेल्फ मुका.

आणि किल्ली फिरवताच दिवे का मंदावले? बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. जोडाला भुकटी धरली की बाहेरचा रोध वाढतो. दोन्ही रोध एकसर जोडणीत असल्यामुळे दिव्यांना त्यांतला फरक कळूच शकत नाही. लक्षण तंतोतंत सारखे. फरक कळतो तो व्होल्टमीटरची टोके कुठे ठेवली यावरून. अंतर्गत रोधाचे सूत्र मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. ते माझ्या मोटारीलाही लागू पडते, हे मला सुचले नाही!

मग नवी बॅटरी बसवल्यावर गाडी तीन आठवडे चालली कशी? दुकानातल्या मुलाने जुनी बॅटरी काढताना पट्ट्या सोडवल्या, पुसल्या आणि पुन्हा आवळल्या. गाडी बरी झाली ती त्या फडक्याने; श्रेय मिळाले बॅटरीला. पट्टी नीट घट्ट बसली नव्हती, म्हणून भुकटी पुन्हा साचली. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणत्या गोष्टीचा, हे ठरवता येत नाही, हा नियम तुम्ही विज्ञानाच्या पहिल्या प्रकरणात वाचता. उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर होते, असे समजू नका. औषधे, खते, नवस, सगळीकडे माणसे याच ठिकाणी फसतात.

पण मला खरी बोच लागली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या दिवशी उशिरा पोचून मी परीक्षा घेतली, तेव्हा एका मुलाच्या मीटर-ब्रिजचा काटा तारेवर कुठेही टेकवले तरी एकाच बाजूला जात होता. तो घाबरला नाही. एकेक जोडणी तपासत त्याने एका फटीतली तुटलेली तार शोधली, बदलली, आणि घडले ते वहीत लिहून ठेवले. त्यात वेळ गेल्याने त्याची दोनच वाचने झाली. शेजारच्याची पाचही वाचने पूर्ण होती, इतकी सुबक की ती घरूनच आणली असावीत, असा संशय यावा. मी जास्त गुण कोणाला दिले असतील, हे सांगायला नको. त्या मुलाने मिस्त्रींचेच काम केले होते आणि मी त्याचे गुण कापले. ते आता परत देता येत नाहीत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की प्रात्यक्षिक परीक्षेत एक तरी प्रयोग बिघडलेल्या उपकरणाचा असावा. दोष शोधा, कसा शोधला ते लिहा, एवढाच प्रश्न. शिक्षक म्हणतील, गुण द्यायचे कसे? मी म्हणतो, मुलाने कोणती शक्यता कोणत्या चाचणीने बाद केली, ते पाहून. नाहीतरी आज प्रयोगशाळेतला सेवक मुले येण्यापूर्वी प्रत्येक तार तपासून ठेवतो. सर्वांत शिकण्याजोगा भाग तोच एकटा शिकतो.

कोणी म्हणेल, आता गाड्याच आपला दोष सांगतात, मग ही विद्या कशाला? १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आल्यावर बहुतेक दुचाकींतूनही कार्ब्युरेटर गेला आणि संगणक आला, हे खरे. पण संगणकाचा सांकेतिक क्रमांक फक्त एवढेच सांगतो, की अमुक ठिकाणचा दाब कमी आला. संवेदक बिघडला, की तार तुटली, की जोडाला भुकटी धरली, हे त्याला ठाऊक नसते. क्रमांक वाचून थेट नवा संवेदक बसवणारा आणि दिवे मंदावलेले पाहून नवी बॅटरी घेणारा मी, यांत काय फरक? (दुचाकी सुरू न झाल्यास आधी उजव्या मुठीजवळचे लाल बटण पाहा. लहान भावंडांना ते फार आवडते.)

एक सूचना मात्र पाळा. बॅटरीला मोठ्या माणसांशिवाय हात लावू नका, आणि पट्टी काढायची तर ऋण टोकाची आधी. धन टोक सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर सारे मंडल त्या पान्यातूनच पुरे होते.

आता तुमच्यासाठी एक कोडे. कार्ब्युरेटरची एक जुनी स्कूटर सकाळी पहिल्या किकला सुरू होते. दुपारी उन्हातून तासभर चालवून दहा मिनिटे थांबले, की काही केल्या सुरू होत नाही. अर्ध्या तासाने आपोआप बरी होते. दोष पेट्रोलचा की ठिणगीचा, हे ठरवणारी एकच चाचणी सुचवा. चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची आहे, आणि ती स्कूटर बरी होण्याच्या आत, त्या अर्ध्या तासातच करायची आहे.