व्यवसाय कर कुणासाठी?

पहिली नोकरी लागली की पगाराच्या स्लिपवर एक ओळ दिसते : व्यवसाय कर. दरमहा 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे अडीच हजार. ‘हे कशाचे कापले?’ असं वैतागून विचारण्याआधी थोडं मागे जाऊया.

1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडून लाखो लोक जगले. त्याच काळात वि. स. पागे यांची कल्पना राज्यभर उभी राहिली : गावात अंगमेहनतीचं काम मागणाऱ्याला ते मिळालंच पाहिजे. हीच रोजगार हमी योजना. तिच्यासाठी 1975 मध्ये नोकरदार-व्यावसायिकांवर हा कर बसला. 1977 मध्ये राज्यात कायदा झाला. देशाचा कायदा यायला 2005 उजाडलं. म्हणजे मुंबईच्या ऑफिसातल्या पगाराचं नातं बीडच्या माळरानाशी कायद्यानं जोडलं गेलं. हे दान नव्हतं, वाटा होता.

आता आपल्याकडे बघा. कन्हेरीच्या मारुतीपुढे प्रचाराचा नारळ फुटतो तेव्हा कॅमेऱ्यांची गर्दी होते. दिवाळीच्या आसपास बारामती-इंदापूरच्या उसात ‘कोयते’ उतरतात, तेव्हा ती नसते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसं अवजाराच्या नावानं मोजली जातात. गावात हमीचं काम मागावं लागतं, मजुरी मागाहून मिळते. मुकादमाची उचल मात्र आधीच हातात पडते. ती फेडायला दोघं पहाटेपासून फडात, आणि पोरं कोपीवर. शाळेच्या पटावरचं नाव तिकडे गावात राहतं.

त्या उसाची साखर आपल्या चहात आहे, आणि त्या उसावर आपल्या तालुक्याचे कारखाने, बाजारपेठ, कॉलेजं उभी आहेत. मग त्यांची गरिबी फक्त ‘त्यांचा प्रश्न’ कशी?

कर भरला की आपला वाटा संपला, असं नाही. एनएसएसच्या शिबिरात आपण श्रमदान करतोच. यंदा एक दिवस कोप्यांवर जाऊ. 6 ते 14 वयाच्या मुलांची यादी करू आणि जवळच्या झेडपी शाळेत पोहोचवू. वर्ष मध्यावर आलंय किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो. फडातल्या आईबापांना हे कुणीतरी सांगायला हवं. आपल्याला वाचता येतं, मग आपणच सांगू.