आम्ही त्यातले नव्हे

२०२५ मध्ये वर्षभर एक वाक्य कानाशी घोंघावत राहिलं. ‘आम्ही त्यातले नव्हे.’ फेब्रुवारीत अमेरिकेच्या लष्करी विमानानं १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडलं, तेव्हा ते ऐकलं. ती माणसं चोरट्या ‘डंकी’ मार्गानं गेलेली, आमची मुलं शिकून, व्हिसा काढून गेली, दोघांना एका मापानं कशाला मोजता, असा त्यामागचा सूर. जन्मानं मिळणाऱ्या नागरिकत्वाविरुद्ध तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला, तेव्हाही तेच ऐकलं. अंक छपाईच्या तोंडावर असताना एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जाची फी एक लाख डॉलर झाली, आणि पुन्हा तेच. आमच्या वर्गणीदारांत ज्याचं कुणीच तिकडे नाही असं घर शोधावं लागेल, त्यामुळे काळजी कळते. पण त्या काळजीला चिकटलेली ऐट सोसवत नाही.

त्या वर्षात बाकी बरंच घडलं. जयंत नारळीकर गेले. पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला आणि मागेही घ्यावा लागला. शिवरायांच्या किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्याची उभी पिकं आणि खालची माती दोन्ही नेली. या सगळ्यावर आतल्या पानांत जाणकारांनी लिहिलं आहे. यंदाच्या अंकाचा विषय स्थलांतर. तेव्हा हे पान मी एका चिनी स्वयंपाक्याला देतो. चिनी माणसाचं दिवाळी अंकात काय काम, असं कुणी विचारेल. ज्या घरात यंदा शेजवान चकली तळली गेली, त्या घरानं तरी विचारू नये.

स्वयंपाक्याचं नाव वोंग किम आर्क. जन्म १८७३, सान फ्रान्सिस्को. पण त्याच्याआधी त्याच्या लोकांविषयी थोडं सांगायला हवं.

कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि १८५०च्या सुमारास दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातून माणसं बोटी भरभरून येऊ लागली. खाणीत आली तर परदेशी खाणकामगारांवर कर बसला. १८५४ साली तिथल्या वरिष्ठ कोर्टानं ठरवलं, की गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालायची नाही. खटला खुनाचा होता, मेलेला चिनी होता आणि साक्षीदारही चिनी. मारणारा सुटला. पुढे सेंट्रल पॅसिफिक कंपनीला सिएरा नेवाडाचे डोंगर फोडायला माणसं मिळेनात, तेव्हा हेच लोक हजारोंनी भरती झाले. शिखराजवळचा ग्रॅनाइट असा, की दिवसरात्र सुरुंग लावून बोगदा कसाबसा फूटभर पुढे सरके. गोऱ्या मजुराला पगार आणि वर जेवणखाण. चिन्याला पगार, आणि पोटाचं ज्याचं त्यानं बघायचं. ते बघणं मात्र त्यांना जमलं. सुरुंगाच्या दारूची रिकामी पिपं घासून त्यांत उकळता चहा भरायचा, कावडीनं कामावर पोचवायचा आणि दिवसभर तोच प्यायचा. बाकीचे मजूर ओढ्याचं पाणी पिऊन हगवणीनं आडवे होत असताना हे उभे राहिले, ते त्या उकळलेल्या पाण्यामुळे. १८६७च्या जूनमध्ये त्यांनी संप केला. मागण्या साध्या, गोऱ्याइतका पगार आणि बोगद्यात कमी तास. कंपनीनं धान्य तोडलं आणि आठवड्यात संप मोडला. दोन वर्षांनी पूर्व आणि पश्चिमेचे रूळ जोडल्याचा तो प्रसिद्ध फोटो निघाला, त्यात चिनी चेहरा शोधून सापडत नाही. (आपला बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्यात मेलेल्या मजुरांची नावं तरी आपण कुठे जपली?)

रूळ जोडून झाले, मंदी आली आणि चिनी मजूर डोळ्यांत खुपू लागले. १८८२ साली अमेरिकेनं चिनी मजुरांना देशाचं दार बंद करणारा कायदा केला. त्याच कायद्यानं आत असलेल्या चिन्यांनाही नागरिकत्व नाकारलं. वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज या खाणगावात १८८५ साली २८ चिनी मजूर मारले गेले. १८८८ साली परतीचे दाखले एका फटक्यात रद्द झाले. दाखला खिशात घेऊन मायदेशी गेलेले सुमारे वीस हजार लोक बाहेरच राहिले. १८९२ साली प्रत्येक चिनी मजुरानं रहिवासाचा दाखला जवळ बाळगावा असा नियम आला. दाखला नसेल आणि आपण कायद्यानं इथं आहोत हे सिद्ध करायचं असेल, तर साक्षीदार हवा, आणि तो गोरा हवा.

आता ‘आम्ही कायद्यानं गेलो’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. त्या वीस हजारांकडे कायद्याचाच कागद होता.

चिनी लोकांविषयी आपल्याकडे समज असा, की ते मुकाट राहून पैसा करतात. पण त्या काळातल्या अमेरिकेतल्या चिन्यांइतकं कोर्टात भांडलेलं दुसरं स्थलांतरित मंडळ मला तरी ठाऊक नाही. गावागावांचे, प्रांतांचे त्यांचे संघ होते. ते वर्गणी गोळा करत आणि नामांकित गोरे वकील उभे करत. सान फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीतल्या धोबीखान्यांना पालिकेचा परवाना लागू झाला. दोनशे चिन्यांनी अर्ज केले, सगळे फेटाळले गेले. बाकीच्या ऐंशीएक अर्जांपैकी एक सोडून सगळे मंजूर. एक धोबी तुरुंगात गेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १८८६ साली न्यायालयानं सांगितलं, की कायद्याचं समान संरक्षण राज्यघटना फक्त नागरिकाला देत नाही, त्या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला देते. खटल्याला नाव पडलं ते त्याच्या दुकानाचं, यिक वो. आज व्हिसावर असलेला आपला इंजिनिअर घरमालकाशी किंवा पोलिसाशी ताठ मानेनं बोलू शकतो, त्याच्या मुळाशी हा धोबीखाना आहे.

वोंगकडे येतो. आईबाप चिनी, व्यापारी, कायद्यानं कधीच अमेरिकन होऊ न शकणारे. मुलगा मात्र सॅक्रामेंटो स्ट्रीटवर जन्मलेला. १८९४ साली चीनला गेला तो निघताना रीतसर कागद करून गेला. आपण याला ओळखतो, हा इथंच जन्मला, असं लिहून गोऱ्या साक्षीदारांनी सह्या केलेला, वर फोटो चिकटवलेला. १८९५च्या ऑगस्टमध्ये ‘कॉप्टिक’ बोटीनं परतला तर बंदराच्या कस्टम अधिकाऱ्यानं उतरू दिलं नाही. जन्म इथला असेल, पण आईबाप चिनी, म्हणून हाही चिनीच. एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर हलवत काही महिने त्याला समोर गाव दिसत असताना पाण्यावर ठेवलं. संघांनी वकील दिले. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला, की अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला आणि तिथल्या कायद्याखाली असलेला माणूस अमेरिकन, मग त्याचे आईबाप कुणी असोत.

न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, बे एरियात जन्मलेल्या आपल्या नातवंडांच्या निळ्या पासपोर्टांना आधार आहे तो या निकालाचा. २० जानेवारी २०२५ला निघालेला हुकूम त्याच निकालाला वळसा घालू पाहत होता. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि बाप ना नागरिक ना ग्रीन कार्डवाला, तर मूल नागरिक नाही. यात एच-वन-बीवाले सरळ येतात. २०२५च्या दिवाळीपर्यंत कोर्टांनी हुकूम अडवून धरला होता, पण मूळ प्रश्नाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयानं तोवर केलेला नव्हता. मधल्या काळात प्रत्येक न्यायालयात वोंगचं नाव घेतलं गेलं. आपल्या गप्पांत मात्र मी ते एकदाही ऐकलं नाही.

निकाल जिंकून वोंग सुखी झाला, असं वाटत असेल तर तेही नाही. तीनच वर्षांनी टेक्ससमधल्या एल पासो इथं त्याला पुन्हा पकडलं, बेकायदा चिनी म्हणून. देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यावर ज्याचं नाव आहे, त्याला तीनशे डॉलरचा जामीन देऊन आपण कोण हे पुन्हा सिद्ध करावं लागलं. १९१० साली त्याचा थोरला मुलगा चीनहून आला, तेव्हा सान फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावरच्या छावणीत त्याची उलटतपासणी झाली. त्या तपासण्यांची टिपणं वाचली तर अंगावर काटा येतो. गावातल्या तुमच्या घराला पायऱ्या किती? दार कोणत्या दिशेला? तांदळाची कणगी कुठे? तिसऱ्या घरात कोण राहतं? बापाला वेगळं विचारायचं, मुलाला वेगळं, आणि उत्तरं जुळली नाहीत की परत पाठवायचं. १९०६च्या भूकंपात आणि आगीत सान फ्रान्सिस्कोची दप्तरं जळल्यावर काही चिन्यांनी कागदावर खोटे मुलगे उभे केले होते, हे खरं. त्यांनी उत्तरांच्या वह्या पाठ केल्या, आणि बरेचसे पास झाले. वोंगच्या या मुलाची उत्तरं बापाशी जुळली नाहीत. त्याला परत जावं लागलं.

हे सगळं चाललं असताना आपली माणसं काय करत होती? थोडीच होती, पण युक्तिवाद ‘आम्ही त्यातले नव्हे’ हाच करत होती. भगतसिंग थिंद हे पंजाबी गृहस्थ, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात नोकरी केलेले. त्यांनी १९२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की मी उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोराच, या आशियाई मंडळींतला मी नव्हे. त्यांच्या वकिलांतल्या एकाचं नाव सखाराम गणेश पंडित, जन्म अहमदाबादचा. न्यायालयानं सांगितलं, की आर्यबिर्य काही असो, सामान्य माणसाच्या डोळ्याला तुम्ही गोरे दिसत नाही. थिंद हरले. सरकारनं आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचंही नागरिकत्व काढायला सुरुवात केली, पंडितांवरही खटला घातला (तो त्यांनी जिंकला). चिन्यांवरची बंदी १९४३ साली उठली, तेव्हा त्यांना वर्षाला १०५ जागा मिळाल्या. आपल्याला १९४६ साली १००. थिंद काहीही म्हणोत, पंगत एकच होती.

इथवर वाचून बरेच जण अमेरिकेला नावं ठेवायला मोकळे झाले असतील. त्यांच्यासाठी एक तारीख. २०२५ साली नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला आली. १९६२ साली याच तारखेला चीननं हल्ला केला. महिनाभराचं युद्ध, आणि त्यानंतर आपण आपल्या चिन्यांचं काय केलं?

हे आपले चिनी काल आलेले नव्हते. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात कलकत्त्याजवळ साखरेचा कारखाना काढणारा आछ्यू, ज्याच्या नावानं आछिपूर वसलं. आसामात पहिला चहा करायला आणलेले कारागीर. कलकत्त्यातल्या टांग्राच्या टॅनऱ्या चालवणारे हक्का, सुतारकामातले कँटनी, दात बसवणारे हुपेईचे. मुंबईत माझगावला त्यांचं देऊळ १९१९ सालचं, आजही उभं आहे. १९६२च्या नोव्हेंबरात आसामच्या माकुममधून, शिलाँग-दार्जिलिंगमधून बायकामुलांसह त्यांना उचललं आणि आगगाडीत बसवून जवळजवळ आठवडाभराच्या प्रवासानं राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेऊन टाकलं. वर्ध्याजवळची देवळी ती वेगळी. ही देवली म्हणजे इंग्रजांनी कॉम्रेड डांग्यांना स्थानबद्ध केलं होतं तीच. सुमारे तीन हजार माणसं होती. कुणावर खटला नाही, कुणावर हेरगिरीचा आरोप शाबीत नाही. कित्येकांची आई किंवा बायको इथलीच, आसामी किंवा खासी. कित्येक चिनी न बोलता असमिया बोलणारे. काहींना बोटीत घालून चीनला धाडलं, जो देश त्यांनी पाहिलाही नव्हता. काही चार-पाच वर्षांनी सुटून परतले तर घर-दुकान लिलावात गेलेलं. देवलीत जन्मलेल्या जॉय मा यांनी मुंबईच्या दिलीप डिसूझा यांच्यासह यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. रीता चौधरींची ‘माकाम’ ही असमिया कादंबरी माकुमच्या चिन्यांवरची.

शाळेत आपल्याला सोलापूरचे डॉक्टर कोटणीस शिकवतात. चीनमध्ये जखमींची सेवा करता करता १९४२ साली तिथेच गेले. चिन्यांनी त्यांचे पुतळे उभारले, शांतारामबापूंनी सिनेमा काढला. कोटणीस शिकवावेतच. त्यांच्यानंतर वीसच वर्षांनी आपण इथल्या चिनी डॉक्टरांना, दातवाल्यांना, शिक्षकांना तारेच्या कुंपणात घातलं, हे पुढच्या पानावर का नसावं? पुण्यात शिकायला आलेल्या मणिपूर-नागालँडच्या पोरांना भर रस्त्यात ‘चिनी’ म्हणून हाका मारणारे आपलेच आहेत. भाड्यानं खोली देताना चेहरा बघणारे घरमालकही आपलेच, आणि त्यांतल्या काहींची मुलं आज सिएटलमध्ये भाड्यानं राहतात.

अमेरिकेच्या सेनेटनं २०११ साली आणि प्रतिनिधिगृहानं २०१२ साली चिनी बंदीच्या कायद्यांबद्दल ठराव करून खेद व्यक्त केला. उशीर झाला, पण केला. देवलीतून वाचलेले बरेच जण कॅनडात, टोरांटोत स्थायिक झाले. त्यांची एक संघटना आहे आणि भारत सरकारनं माफी मागावी एवढीच तिची मुख्य मागणी आहे. छावणीत पोरवयात गेलेले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दिल्लीतल्या कुठल्याच पक्षाच्या सरकारनं अजून माफी मागितलेली नाही. ठराव मांडायला संसदेला एक दुपार पुरेल, आणि मांडणारा खासदार महाराष्ट्रातला असावा अशी आमची इच्छा आहे. सोलापूरचा असला तर फारच चांगलं.