गाण्यावर पहारा, पेटीवर धूळ

नाताळ जवळ आला की नागपुरातल्या चर्चमध्ये संध्याकाळी कॅरलच्या तालमी रंगू लागतात आणि एक जुना वादही डोकं वर काढतो. तालमीच्या मधल्या वेळात एखादा मुलगा गिटारवर सिनेमातलं गाणं छेडतो, दोघीतिघी त्यात आवाज मिसळतात, आणि मागच्या बाकावरून कुणी वडीलधारे खडसावतात, "देवाच्या घरात जगिक गाणी नकोत." गिटार थांबते. मुलं माना खाली घालतात आणि घरी जाऊन कानात हेडफोन घालून तेच गाणं ऐकतात. मग आई पाळकसाहेबांना गाठते, "जरा समजवा हो हिला, दिवसभर तीच गाणी." पाळकसाहेब पुढच्या रविवारी उपदेशात दोन वाक्यं टाकतात. गेली कित्येक वर्षं हे असंच चालू आहे आणि त्यातून एकाही मुलाचं ऐकणं बदललेलं मी पाहिलेलं नाही.

या स्तंभात मी शहरातल्या गाण्याबजावण्याबद्दल लिहिते. आज आमच्याच मंडळीतल्या मुलांबद्दल लिहायचं आहे, कारण आम्ही मोठी माणसं पहारा चुकीच्या दारावर ठेवून बसलो आहोत. मुलांच्या कानात सिनेमाचं गाणं किती जातं याची आम्हाला रात्रंदिवस काळजी. त्यांच्या तोंडून मराठी भजन का नाहीसं होत चाललंय, याची मात्र कुणालाच नाही.

आधी ही मुलं कुठे वाढतात ते बघा. सदर, मेकोसाबाग, मोहननगर, अजनी, जरीपटक्याच्या आसपासच्या वस्त्या. चौदा एप्रिलला रस्ता भीमगीतांनी दणाणतो आणि गणपतीत ढोलताशांनी. ताजबागच्या उरुसात कव्वाली. गावाकडच्या नातेवाइकांकडे गेलं की तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. शाळेच्या गॅदरिंगला सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवायचा असतो आणि ट्यूशनच्या ग्रुपवर रॅपच्या क्लिपा फिरत असतात. ख्रिस्ती मूल वर्गात बहुतेक वेळा एकटंच किंवा दोघांतलं एक असतं. मित्रांमध्ये बसायला त्याला जागा मिळते ती पुष्कळदा गाण्यामुळेच. "हे सगळं जगाचं, आपलं नव्हे," असं त्याला सांगितलं की आपण त्याच्याकडून एखादं गाणं काढून घेत नाही, त्याचं गावच काढून घेतो. पंधरा वर्षांच्या पोरानं मग राहायचं कुठे?

आईवडिलांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. समाज लहान आहे. मूल एकदा उपासनेपासून तुटलं की परत येतंच असं नाही, हे घराघरांतून पाहिलेलं आहे. आणि आज मुलांच्या फोनवर वाजणारी काही गाणी खरोखर ऐकवत नाहीत. बाई म्हणजे मिरवायची वस्तू, दारू म्हणजे मर्दानगी, शिवी म्हणजे कविता, असा त्यांचा एकूण रोख असतो. अशा गाण्याबद्दल मुलाशी बोलायलाच हवं, आणि शब्दाशब्दावर बोट ठेवून बोलायला हवं. पण तेवढं कष्टाचं काम कोण करतो? "जगिक" असा शिक्का मारला की गाणं ऐकायची गरजच उरत नाही. त्या एका शिक्क्याखाली बाईची विटंबना करणारं गाणंही जातं आणि भीमसेन जोशींचा अभंगही. लताबाईंची अंगाईसुद्धा सुटत नाही. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मुभा आणि हित या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आणि निवड करायचं ओझं माणसाच्या विवेकावर टाकलं. आपण ते ओझं मुलांना उचलूच देत नाही. आणि ज्या बायबलचा हवाला देऊन प्रेमगीतांना बंदी घालतो, त्यातच 'गीतरत्न' नावाचं आख्खं पुस्तक स्त्रीपुरुषाच्या प्रेमाचं आहे. स्तोत्रसंहितेतलं शेवटचं स्तोत्र झांजा, तंतुवाद्यं, डफ आणि नाच या सगळ्यांना देवाच्या स्तुतीला बोलावतं. संडे स्कूलमध्ये दीडशेवं स्तोत्र पाठ करून घ्यायचं आणि बाहेर आल्यावर ड्रमसेटकडे डोळे वटारून पाहायचं, हे मुलांना दिसत नाही असं वाटतं का आपल्याला?

आता नारायण वामन टिळकांकडे येते, कारण त्यांच्याशिवाय हा विषय मराठीत बोलताच येत नाही. टिळक या शहरात राहिले आहेत. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं त्यांनी काम केलं, इथे 'ऋषि' हे मासिक चालवलं. पुढे राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे ही हकीकत मराठी वाचकाला घरातल्यासारखी माहीत आहे. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा मराठी मंडळ्यांमधलं पुष्कळसं गाणं इंग्रजी गीतांची भाषांतरं होती, विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेली. शब्द मराठी, पण श्वास घ्यायची जागा इंग्रजी. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट काढली होती. टिळकांनी ओवी, अभंग आणि भजनाचा ठेका चर्चमध्ये आणून बसवला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते सांगत. आज मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची शंभराहून अधिक गीतं आहेत. आजी ती गीतं डोळे मिटून म्हणते. आज आपण ज्यांना जपायचा आपला ठेवा म्हणतो, ते भजन, ती झांज, तो मृदंग हे सगळं त्या काळच्या चर्चच्या भिंतीबाहेरचं होतं. देवळातलं होतं, वारीतलं होतं, दुसऱ्या धर्मातलं होतं. टिळकांनी ते दार उघडलं नसतं तर आपण आजही परक्या चालींवर ठेचकाळत असतो.

आणि हे टिळक नुसते भजनं लिहीत बसले नाहीत. 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता महाराष्ट्रातल्या पिढ्यान्पिढ्या शाळेत शिकल्या. एका जखमी पक्षिणीची कविता, त्यात ख्रिस्ताचं नावही नाही. फुलांमुलांचे कवी म्हणून ज्यांना उभा महाराष्ट्र ओळखतो ते टिळक आणि 'ख्रिस्तायन' लिहायला घेणारे टिळक एकच. मंडळीनं त्यांना कधी विचारलं नाही की बाबा, यातलं देवाचं कुठलं आणि जगाचं कुठलं. मग हाच प्रश्न आपण नववीतल्या पोरीला का विचारतो?

कॅथलिक बाजूलाही गोष्ट फार वेगळी नाही. १९०३ साली दहाव्या पायस पोपनी चर्चमध्ये पियानो आणि ढोलासारखी गाजावाजा करणारी वाद्यं वाजवायला मनाई केली. साठ वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषा आणि त्या त्या देशाचं संगीत आत घेतलं. आज मिस्सेला तबला आणि गिटार दोन्ही वाजतात, त्यानं कुणाची श्रद्धा बुडाल्याचं ऐकिवात नाही.

गोव्याचं उदाहरण मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. पोर्तुगीज काळात तिथल्या पॅरिशच्या शाळांतून लहान मुलांना स्वरलिपी शिकवत, व्हायोलिन शिकवत. हेतू एवढाच की रविवारी मिस्सेला गाणारे-वाजवणारे हात तयार व्हावेत. ती मुलं मोठी झाली, पोटासाठी मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात जाऊन बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. त्यांचे वडील गावच्या चर्चचे गायनप्रमुख होते. अँथनींनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव अजरामर करून ठेवलं. सिनेमाच्या ज्या गाण्यांना आपण जगिक म्हणून नाक मुरडतो, त्यांच्यामागचं व्हायोलिन पुष्कळदा चर्चमध्ये शिकलेल्या हातांनी वाजवलेलं आहे. गोव्यातल्या पाद्र्यांनी मुलांना काय ऐकायचं नाही ते सांगण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी मुलांच्या हातात वाद्य दिलं आणि बोटं नीट ठेवायला शिकवली.

आपण काय देतो? शहरातल्या किती मंडळ्यांमध्ये मुलांना पेटी शिकवणारं कुणी आहे? पेटी आहे, कोपऱ्यात, कापडाखाली. भाता फाटलेला, दोन सूर चिकटलेले. तबल्याची शाई उडालेली. वाजवणारे काका सत्तरीला आले आणि त्यांच्यामागे कुणी नाही. 'उपासना संगीत'ची जी प्रत हातात असते तिच्यात बहुतेक नुसते शब्द असतात. चाल ऐकूनच बसते, आणि ऐकवणारं माणूस गेलं की चालही गेली. मुलं काही पोकळीत राहत नाहीत. ती यूट्यूबवरून ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या मोठ्या चर्चची इंग्रजी वर्शिप गाणी उचलतात, नाहीतर मुंबईत बनलेली हिंदी. मला त्या गाण्यांचा दुस्वास नाही, त्यातली काही मनाला भिडतात. पण एक गंमत बघा. हिंदी सिनेमाच्या गाण्याला बंदी घालणारे आईवडील त्याच धाटणीच्या, त्याच सिंथेसायझरवर वाजणाऱ्या हिंदी वर्शिप गाण्यावर खूश असतात, कारण त्यात देवाचं नाव आहे. आणि आपल्याच पोरांना टिळकांचं एक भजन धड येत नाही, याचं कुणाला वाईटही वाटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टिळकांनी ज्या उसन्या सुरांतून आपल्याला सोडवलं, तिथेच आपण परत चाललो आहोत. फरक एवढाच की तेव्हा जाडजूड ऑर्गन होता, आता स्क्रीनवर सरकणारे शब्द आहेत.

मध्यंतरी एका तालमीत बसले होते. पेटीवाले काका काळी दोनमध्ये एक जुनं भजन वाजवत होते. दहावीतला मुलगा पहिल्या पट्टीवर कॅपो लावून गिटारवर त्यांच्यामागे जायचा प्रयत्न करत होता. दुसऱ्या ओळीत चाल वळते तिथे त्याची कॉर्ड दरवेळी चुकायची. काकांनी भाता थांबवला, एका बोटानं ती ओळ सावकाश वाजवून दाखवली आणि म्हणाले, "इथे सूर खाली येतोय बाबू, तू वर कुठे चाललास?" मुलानं डोळे मिटून ओळ गुणगुणली, कॉर्ड बदलली, बरोबर बसली. मग त्याचा चेहराच उजळला. "काका, हे तर आमच्या वस्तीत खंजिरीवर म्हणतात तसंच आहे!" काका हसून म्हणाले, "मग? टिळक काय लंडनचे होते?" त्या मुलाच्या फोनमध्ये रॅप आहे, मला माहीत आहे. त्या संध्याकाळी कुणी त्याला ते पुसायला सांगितलं नाही. पण त्याच्या कानात आणखी एक दार उघडलं, आणि ते बंदीनं उघडलेलं नव्हतं.

बंदीनं काय होतं, याचा दाखला अमेरिकेतला आहे. सॅम कुक हा पाळकाचा मुलगा, शिकागोत वाढलेला. विशीत तो 'सोल स्टिरर्स' या गॉस्पेल वृंदाचा प्रमुख गायक झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर त्याला प्रेमगीत गावंसं वाटलं, पण चर्चमधले श्रोते तोडून टाकतील या धास्तीनं त्यानं ते 'डेल कुक' या खोट्या नावानं रेकॉर्ड केलं. आवाज लपला नाहीच, लोकांनी ओळखला. १९५७ मध्ये तो गॉस्पेल वृंद सोडून गेला. पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यात जे गाणं लोकांच्या ओठी बसलं, ते 'अ चेंज इज गॉना कम', त्याचंच. १९६४ मध्ये आलेल्या त्या गाण्यात चर्चमध्ये घडलेला सगळा गळा ऐकू येतो. चर्चनं घडवलेला गायक चर्चला स्वतःच्या नावानं गाताना सांभाळता आला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आज आपल्या मुलांची दोन-दोन इन्स्टाग्राम खाती आहेत. एक मंडळीतल्या काका-मावशींना दाखवायचं, त्यावर वचनं आणि कॅरल. दुसरं मित्रांसाठी. खोट्या नावानं जगायची सवय चौदाव्या वर्षी लावणारे आपणच आहोत, आणि मूल आपल्याशी मोकळेपणानं बोलत नाही म्हणून रडणारेही आपणच.

नागपूरला या बाबतीत पुढाकार घ्यायचा अधिकार आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले तेव्हापासून या शहरात ख्रिस्ती शाळा आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली ती इथेच. वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्यांना एकत्र आणून दाखवलेलं हे शहर आहे. त्याच शहरातल्या मंडळ्यांनी मिळून पेटी-तबल्याचा एक वर्ग चालवावा, आठवड्यातून एक संध्याकाळ, हे काही अशक्य नाही. पेटी दुरुस्त करायला फार पैसे लागत नाहीत. ज्या काका-मावशींना जुन्या चाली येतात त्यांच्या चाली या मुलांनीच फोनवर रेकॉर्ड करून घ्याव्यात, त्या कामात ती आपल्यापेक्षा वाकबगार आहेत. तरुण संघाच्या बैठकीत महिन्यातून एकदा प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक गाणं सगळ्यांना ऐकवावं, सिनेमाचं असो की रॅपचं. ते का आवडतं ते सांगावं आणि पाळकसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकावं. मध्येच थांबवू नये. एखादं गाणं मोठ्यांसमोर वाजवताना मुलाला स्वतःलाच संकोच वाटला, तर त्या गाण्याबद्दलचा निर्णय त्यानं तिथेच घेतलेला असतो.

आणि कॅरलच्या फेऱ्यांसाठी एक मागणी. यंदा घरोघर जाताना ठरलेल्या इंग्रजी आणि हिंदी गाण्यांमध्ये एक गीत या मुलांना स्वतः बांधू द्या. शब्द मराठी, चाल त्यांची. ठेका खंजिरीचा निघाला तर खंजिरीचा, रॅपसारखा निघाला तर तसा. तालमीला अजून वेळ आहे, आणि पेटीचा भाता सीताबर्डीत चार दिवसांत बदलून मिळतो.