सेटिंग चुकलं तर स्क्रिप्ट थांबलीच पाहिजे

मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या बॅकअपची छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. आज त्यातला बहुतेक जण गाळतात तो भाग: सेटिंग फाइल तपासणं. माझं मत स्पष्ट आहे. सेटिंग चुकलं असेल तर स्क्रिप्टने अंदाज लावायचा नाही, थांबायचं.

का सांगतोय? सोलापुरातल्या माझ्या दुकानात रोज रात्री बिलांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर जायचा. स्क्रिप्ट फक्त 'फोल्डर आहे का' एवढंच बघायची. एकदा पेन ड्राइव्ह काढला, तो परत लावायचाच राहिला. फोल्डर होतं, पण ते कॉम्प्युटरच्याच डिस्कवर! तीन आठवडे बॅकअप तिथेच पडत राहिला, आणि रोज 'झालं' असा मेसेज. मग डिस्क गेली. बिलंही गेली, बॅकअपही गेला. उधारीची वही हाताने लिहिलेली होती म्हणून वाचलो.

म्हणून तपासणी तीन पायऱ्यांची करा.

पहिली: सेटिंग भरलंय का? बॅश न दिलेलं सेटिंग गुपचूप रिकामं धरतं. 'सेट -यू' लिहिलं तर अशा ठिकाणी स्क्रिप्ट थांबते. पण नाव लिहिलंय आणि पुढे काहीच नाही, हे त्यातून पकडलं जात नाही. ते वेगळं तपासा.

दुसरी: रूप बरोबर आहे का? जीएसटी नंबर 15 अक्षरी, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात 27 ने. फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये बनवली की ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटतं. तुम्हाला 15 दिसतात, स्क्रिप्टला 16.

तिसरी: आजच्या घडीला खरं आहे का? 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या बेडशीटला 5 टक्के जीएसटी आहे. फाइलमध्ये जुना 12 राहिला, तर 1500 च्या बेडशीटवर गिऱ्हाइकाकडून 105 रुपये जास्त घेतले जातील. 12 हा आकडा दिसायला ठीकच आहे, पण दर जुना. म्हणून चालू दरांची यादी ठेवा. यादीत नसलेला दर आला की थांबा. पेन ड्राइव्ह खरंच लावलाय का, हे लिनक्समध्ये 'माउंटपॉइंट' कमांड सांगते.

काही जण म्हणतात, "सर, स्क्रिप्ट थांबली तर धंदा थांबेल ना!" नाही हो. तासभर हाताने बिलं लिहिता येतात. महिनाभराची चुकीची बिलं दुरुस्त करताना मात्र घाम फुटतो. फक्त थांबताना कोणतं सेटिंग, काय चुकलं, हे साध्या मराठीत दाखवा. काउंटरवरच्या पोरालाही कळलं पाहिजे.

आज एकच करा. पेन ड्राइव्ह काढा आणि स्क्रिप्ट चालवा. तरीही ती 'झालं' म्हणाली, तर तुमचा बॅकअप नाहीच असं समजा आणि आजच दुरुस्त करा.