पेशीतील खूणगाठ

‘प्रकृती उत्तम असताना रोज गोळी कशासाठी?’ असे एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे. त्यांच्या यजमानांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे. इमॅटिनिबने तीन वर्षे बरे वाटल्यावर ते आता परस्पर औषध थांबवू पाहतात. उत्तरासाठी पेशीच्या आत थोडे डोकावावे लागेल.

1955 च्या सुमारास अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर स्नायूंतील ग्लायकोजेन फोडणाऱ्या विकराचा अभ्यास करीत होते. हे विकर दोन रूपांत आढळे, एक कार्यरत आणि एक सुस्त. पूर्वीच्या संशोधकांप्रमाणे अर्क गाळणकागदातून गाळला की कार्यरत रूप हाती येई. कागद टाळून यंत्रात फिरवून अर्क स्वच्छ केला की सुस्तच मिळे. कागदाचा असा काय प्रताप असावा? शोधाअंती कळले की कागदातून उतरणारे कॅल्शियम आणि अर्कातील एटीपी यांच्यामुळे हे रूपांतर घडत होते. एटीपीवरील एक फॉस्फेट उचलून प्रथिनावर बसविणारे निराळे विकर तेथे होते. त्यालाच कायनेज म्हणतात. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो बसताच प्रथिनाची घडी बदलते आणि ते कामाला लागते. या शोधाला नोबेल मिळायला 1992 साल उजाडले!

बांधलेली गाठ सोडणारे विकर म्हणजे फॉस्फेटेज. गंमत अशी की तेच आधी सापडले होते, मात्र ते नेमके काय काढून घेते हे कोणाला उमगले नव्हते. आपल्या पेशींत पाचशेहून अधिक कायनेज आहेत. ‘वाढ’, ‘विभाग’, ‘थांब’ असे निरोप त्यांच्या साखळीतून पोहोचतात. निरोप पोहोचल्यावर तो पुसला जाणेही तितकेच आवश्यक असते.

या आजारात 9 व्या आणि 22 व्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि त्या सांध्यातून एक विकृत कायनेज जन्मते. त्याला थांबणे ठाऊकच नसते. ते इतक्या वेगाने गाठी बांधते की फॉस्फेटेजची सोडवणूक अपुरी पडते आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. 2001 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब या कायनेजच्या एटीपी बसण्याच्या खोबणीतच जाऊन बसते. नव्या गाठी थांबतात, जुन्या फॉस्फेटेज सोडवितात. (या औषधाच्या एका स्फटिकरूपाचे पेटंट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी नाकारले, आपल्याकडे ते अनेक कंपन्यांकडून स्वस्तात मिळते.)

परंतु गोळी गुणसूत्र दुरुस्त करीत नाही. अस्थिमज्जेत काही मूळ पेशी टिकून राहू शकतात. रक्तातील औषध सुमारे 18 तासांत निम्मे होते. काही दिवसांत खोबणी रिकामी होते. मात्र भगिनींचे यजमान अगदीच चुकीचे बोलत नाहीत. कित्येक वर्षे उपचार झालेल्या आणि सूक्ष्म तपासणीतही रोगाचा अंश जवळजवळ न आढळणाऱ्या निवडक रुग्णांत डॉक्टर औषध थांबवून पाहतात. त्यांतील जवळजवळ निम्म्यांत आजार परततो, बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. म्हणून त्या काळात वारंवार रक्त तपासावे लागते. वेळीच ध्यानात आल्यास तीच गोळी बहुतेकांना पुन्हा लागू पडते. तेव्हा भगिनींनी यजमानांसह डॉक्टरांकडे जाऊन बीसीआर-एबीएल चाचणीचे मागील सर्व आकडे मागून घ्यावेत, आणि तोवर गोळी एकही दिवस चुकवू नये.